बांधावयाचे कोणाला?

मार्क 3:27 मधला बलवान म्हणजे सैतान. त्याला बांधून घर लुटणारा प्रभू येशू. मग आम्ही कोण? शब्बाथ शाळेत विचारा, मुले म्हणतील, बांधणारे! आम्हांस वाटते, आम्ही त्या घरातून सोडवून आणलेला माल.

हे विसरले की अधिकार भलत्यावरच चालतो. धार जिल्ह्यातले सरदारपूर ज्या भिल्ल मुलुखात आहे, तिकडे दुखण्याचे खापर फोडून बाईला ‘डाकण’ ठरविल्याचे प्रकार घडत आले आहेत. बडवा, म्हणजे तिकडचा भगत, नाव घेतो. बलवान मोकळाच, बांधली जाते दुबळी. (भिल्लांना हसू नये, मनाच्या आजाऱ्याला ‘भूत’ म्हणणारे आमच्यातही आहेत.)

लूक 13 मधील बाई 18 वर्षे वाकलेली. सैतानाने हिला बांधले होते, असे प्रभू म्हणतो आणि तिला सोडवितो. रागावला तो सभास्थानाचा अधिकारी.