मिलिता बेटावरील शेकोटी

(प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 28, ओव्या 1 ते 10 वाचाव्या.)

पौलाला रोमास जाण्याची किती ओढ होती हें आपण जाणतां. पण गलबत फुटलें, आणि त्यावरील 276 माणसें पोहत, फळ्यांचा आधार घेत एका अनोळखी किनाऱ्यास लागलीं. तें मिलिता बेट, म्हणजे आजचें माल्टा. तेथील लोक ग्रीक बोलणारे नव्हते, म्हणून लूक त्यांना बर्बर म्हणतो. आणि त्याच ओवींत त्यांच्या ममतेची साक्षहि देतो. पाऊस होता, थंडी होती. त्यांनीं जाळ केला. तुम्ही कोण, कोठले, कोणत्या देवाचे, हें विचारीत ते बसले नाहींत. गलबतावर कैदीहि होते, हें विसरूं नका.

पुढें पुब्ल्यानें तीन दिवस पाहुणचार केला. पण मुक्काम पडला तीन महिन्यांचा! हिवाळ्यांत त्या समुद्रावर गलबतें सहसा हाकारीत नसत. ज्याचा न्याय कैसरापुढें व्हावयाचा होता तो मनुष्य एका लहान बेटावर ऋतु पालटण्याची वाट पाहत राहिला, आणि लूकानें त्याविषयीं तक्रारीचा एक शब्दहि लिहिला नाहीं. रोगी बरे झाले. निघतांना लोकांनीं लागेल तें आणून दिलें. तेथें किती जणांनीं विश्वास धरला हें मात्र तो सांगत नाहीं.

आपल्याच महाराष्ट्रांतील एक गोष्ट पाहा. आनंदीबाई जोशी यांस अमेरिकेंत शिक्षण मिळावें म्हणून गोपाळरावांनीं लिहिलेलें पत्र एका मिशनरी मासिकांत छापलें गेलें. त्यासोबतचें उत्तर कोरडें होतें, आधीं ख्रिस्ती व्हा अशा धर्तीचें. रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटरबाई दांतांच्या डॉक्टराकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथें तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. त्या घाईंत असत्या तर पान उलटून गेल्या असत्या. त्यांनीं घरीं जाऊन पत्र लिहिलें. जून 1883 मध्यें अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कास उतरल्या, आणि महाविद्यालय सुरू होईपर्यंत कार्पेंटरबाईंच्याच घरीं राहिल्या. त्यांना त्या मावशी म्हणत. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें आनंदीबाईंनीं निघण्यापूर्वींच जाहीर सांगितलें होतें. तरी त्या घराचें दार अर्धेंहि मिटलें नाहीं. 11 मार्च 1886 रोजीं त्यांना डॉक्टरीची पदवी मिळाली. पुढच्याच फेब्रुवारींत पुण्यांत त्या वारल्या, तेव्हां त्यांची रक्षा पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवण्यांत आली.

आतां आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळूं. अक्राणीच्या डोंगरांत देशावरून नवा शिक्षक येतो, तेव्हां पाड्यावरचा माणूस हातचें काम ठेवून त्याच्यापाशीं बसतो. शहरच्या मनुष्यास हें सावकाश चालणें प्रथम जाचतें, मग गोड वाटूं लागतें. (सगळ्याच सावकाशीचें कौतुक करूं नये. दवाखान्याची गाडी वेळेवर न येणें ही शांति नव्हे, ती उणीव आहे.) परंतु पाहुण्यासाठीं वेळ असणें ही आपल्या लोकांची मोठी संपत्ति आहे.

आणि आपले लोकच परदेशी होतात! दिवाळी उरकली कीं मुकादमाची उचल घेऊन नवापूर व अक्कलकुवा भागांतील कुटुंबें ऊसतोडीस सुरत-बारडोलीकडे जातात. भाषा गुजराती, घर म्हणजे उसाच्या कडेची कोपी, आणि चाल मालमोटारीची: मध्यरात्रीं गाडी आली तर मध्यरात्रीं उठून मोळ्या भरावयाच्या. तेथें कोणी बाई तान्ह्या मुलासाठीं तांब्याभर दूध देते, तर ती आठवण होळीला घरीं परतलेल्या मंडळींच्या बोलण्यांत येते.

शहाद्याकडील उसांतहि परगांवचे तोडणीवाले येतात. त्यांच्या कोप्या आपल्या शिवारांत पडतात. मंडळीच्या पंचांनीं या आठवड्यांत तेथें एकदां जावें. प्रवचन घेऊन नव्हे, तर लांकडें, घोंगडी व थोडा वेळ घेऊन. त्यांचीं नांवें, गांवें मागाहून विचारतां येतील. पौष जवळ आला आहे, रात्रीं गार पडूं लागल्या आहेत, आणि त्या कोप्यांतलीं मुलें उघडींच निजतात.