दुसरे बाळ पहिल्याची जागा घेते का?



बाळ गमावलेल्या भगिनीला पुन्हा दिवस राहिले की शेजारीपाजारी धीर द्यायला येतात. “झाले गेले विसरून जा, या वेळी सारे नीट होईल,” असे म्हणतात. हेतू चांगलाच असतो. पण या शब्दांनी तिला खरेच आधार मिळतो का, याचा विचार आपण करायला हवा.

पहिली गोष्ट विसरण्याची. ख्रिस्तसभा शिकवते की प्रत्येक आत्मा परमेश्वर स्वतः निर्माण करतो. मग एक लेकरू दुसऱ्याची जागा कशी घेईल? गेलेले बाळ त्या घरचे पहिले अपत्यच राहते. त्याला विसरायला सांगणे म्हणजे येणाऱ्या बाळावर जन्माआधीच दुसऱ्याच्या जागी जगण्याचे ओझे टाकणे होय. ख्रिस्तसभा अशा बाळांना विसरत नाही. आईवडिलांनी बाप्तिस्मा द्यायचे ठरवले होते, पण बाळ त्याआधीच गेले, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो, असे १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत सांगितले आहे. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या एका धर्मपंडितांच्या अहवालातही अशा बाळांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार असल्याचे म्हटले आहे.

दुसरी गोष्ट “सारे नीट होईल” या शब्दाची. असा शब्द कोणी कोणाला देऊ शकत नाही, आणि ज्या आईने एकदा रिकामी कूस पाहिली आहे तिला हे पुरते ठाऊक असते. हमी देणारा बोलून मोकळा होतो. आशा धरणाऱ्याला मात्र सोबत थांबावे लागते. पवित्र मरिया उतारवयात गरोदर राहिलेल्या अलिशिबेकडे गेली, ती नुसता निरोप सांगून परतली नाही. ती सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली.

सोबतीने काय होते हे आपल्या विदर्भातच दिसले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्या गरोदर बाईच्या घरी जात आणि जन्मानंतर बाळाचे वजन घेत, श्वास मोजत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेट देतात, त्यामागे हाच अनुभव आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २०१३ साली बाळ गमावलेल्या मातांसाठी वेगळे तपासणी केंद्र निघाले. तिथेही भर यावरच, की दर वेळी ओळखीचीच सुईण व डॉक्टर भेटावेत, म्हणजे आईला आपले दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागू नये.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी असो की घाटंजी, हे काम आपल्यालाही करता येईल. आधीचे बाळ गेल्याचे पहिल्याच तपासणीत नर्सबाईंना सांगितले जाईल, हे आपण पाहावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून ती टळू नये, यासाठी कोणी तरी तिच्यासोबत जावे. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. भीती वाटते म्हणून ती दहा वेळा विचारील. दहाही वेळा तिचे ऐकावे. बाळाच्या वडिलांचीही विचारपूस व्हावी, कारण त्यांना कोणी रडू देत नाही.

आणि तिने गेलेल्या बाळाचे नाव घेतले, तर विषय बदलू नये. ते नाव आपणही घ्यावे.

हे प्रभो, आमच्या गावातील अशा प्रत्येक घरी थांबण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.