अब्रू कोणाची जपायची?



लहानांना अडखळण होणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधलेली बरी, इतके कठोर बोल प्रभू येशूने उच्चारल्याचे संत मत्तय 18व्या अध्यायात सांगतो.

अठरा वर्षांखालील मुलामुलींना लैंगिक शोषणापासून वाचविण्यासाठी आपल्या देशात 2012 साली पॉक्सो कायदा झाला. 2019 मध्ये त्यातील शिक्षा आणखी कडक झाल्या. परंतु कायदा कितीही कडक केला, तरी कोणी बोलल्याशिवाय तो हलत नाही. म्हणूनच माहीत असून पोलिसांना न कळविणे हाही ह्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे.

‘घराची अब्रू जाईल’ म्हणून आपण गप्प बसतो. ख्रिस्तसभेनेही अनेक ठिकाणी अशीच अब्रू जपली आणि लेकरांना एकटे पाडले. हे आम्ही धर्मगुरूंनी मान खाली घालून कबूल केले पाहिजे. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी अशी माहिती वरिष्ठांना कळविणे धर्मगुरूंना व व्रतस्थांना बंधनकारक केले.

मुलाचा जबाब त्याच्या घरीही घेता येतो. पोलीस अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाची ओळख उघड होऊ नये, असा नियम आहे. मुलांसाठी 1098 हा मदत क्रमांक आहे.

आज घरी गेल्यावर मुलांना एवढेच सांगू या : “काहीही झाले तरी आम्हांला सांग. आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवू.”