कुरकुर

आपल्या भाषेंत 'कुरकुर' हा शब्द मोठा सोयीचा आहे. वंगण आटलेलें चाक कुरकुरतें आणि असंतुष्ट माणूसहि कुरकुरतो. दोघांसाठीं आपण एकच शब्द योजतों, व दोघांवर उपायहि बहुधा एकच करतों. तो म्हणजे आवाज बंद पाडणें. या एका शब्दाच्या दोन अर्थांनीं मला गेले चार महिने स्वस्थ बसूं दिलेलें नाहीं. निमित्त मात्र अगदींच क्षुल्लक आहे. माझ्या टेबलाखालीं जो संगणक आहे, त्यांतील वीतभरहि नसलेला एक पंखा बिघडला, एवढेंच.

गोष्ट गेल्या वैशाखांतली. पुण्याच्या उन्हाळ्यांत दुपारीं खोली बंद करून मी परीक्षणें लिहीत बसतों. संगणक चालूं लागला कीं प्रथम वारा सुटल्यासारखा आवाज येई, तो पुढें घरघरीवर गेला, आणि शेवटीं शेवटीं तर आमच्या घरांतून विचारणा झाली कीं, "आंत पिठाची गिरणी कधींपासून घातलीत?" सुटींत पुतण्या आला होता. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्यानें पांच मिनिटांत यंत्राच्या अंतर्गत मांडणींतले कांहीं आंकडे बदलले, पंख्याचा वेग निम्म्यावर आणला, आणि "झालं काका," म्हणून तो मोकळा झाला. खरोखरच सारें शांत झालें. त्या रात्रीं जेवतांना मीं त्याचें फार कौतुक केलें.

तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशीं अक्षरें उमटण्यास विलंब होऊं लागला. मी लिहून पुढें जाई आणि शब्द मागून येत. पांचव्या दिवशीं एका वाक्याच्या मध्यावर पडदा काळा झाला. कारण मागाहून कळलें. संगणकाचा जो मुख्य भाग, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो तापत तापत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोंचला म्हणजे आधीं स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर जळून जाण्यापेक्षां यंत्र बंद पाडतो. आवाज थांबला होता. ज्याबद्दल तो आवाज होता तें थांबलें नव्हतें.

उष्णता हा कांहीं या यंत्राचा दुर्गुण नव्हे. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें एनिॲक नांवाच्या प्रचंड संगणकाचें उद्घाटन झालें, त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, त्याला सुमारें १५० किलोवॅट वीज लागे, आणि तिची झालेली उष्णता बाहेर घालविण्यासाठीं मोठाले पंखे बसवावे लागले होते. पुढें १९६१ सालीं रॉल्फ लँडौअर या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, माहितीचा एक कण पुसून टाकावयाचा तरी कांहीं किमान उष्णता बाहेर पडल्यावांचून राहत नाहीं. म्हणजे विचार करणाऱ्या यंत्रालाहि तापण्यापासून सुटका नाहीं. जेथें काम तेथें ताप, आणि तो कोणीतरी बाहेर वाहून नेलाच पाहिजे. घरांत, शाळेंत, कचेरींत हें काम बहुधा एखाद्या कुरकुऱ्या माणसाच्या वांट्यास आलेलें असतें.

दुरुस्तीला जो तरुण आला, त्यानें हत्यारांच्या पिशवीला हात लावण्यापूर्वीं मला विचारलें, "सर, आवाज केव्हां येतो? चालू केल्याबरोबर, कीं काम वाढल्यावर?" या प्रश्नानें मी खूष झालों. तीस वर्षें तर्कशास्त्र शिकविलें, पण इतका नेमका प्रश्न विद्यार्थ्यांकडून क्वचितच ऐकला. त्यानें सांगितलेलें निदान असें: काम वाढलें कीं वाढणारा आणि कमी झालें कीं उतरणारा वाऱ्याचा आवाज असेल तर पंखा निर्दोष आहे, दोष उष्णतेचा आहे. टिक्‌टिक्‌ असा आवाज असेल तर एखादी तार पात्यांना लागत असावी. आणि यंत्र थंड असतांना, चालू केल्याबरोबरच जर घरघर होत असेल, तर पंख्याचें बेअरिंग झिजलें. पंख्याला चार तारा असतात, हेंहि त्यानें दाखविलें. दोन विजेच्या, एकीवरून वेग वाढविण्या-उतरविण्याचा हुकूम येतो, आणि उरलेल्या एकीवरून पंखा आपण किती फेरे घेत आहों तें उलट कळवितो. हुकूम पाळणारा आणि हकीकत कळविणारा एकच, ही व्यवस्था मला फार अर्थपूर्ण वाटली.

मग त्यानें झांकण काढलें. पंख्याच्या खालीं ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांच्यावर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा एक थर बसला होता, अगदीं घोंगडीच्या तुकड्यासारखा. वारा जाण्यास फटच नव्हती. पातीं बोटानें धरून त्यानें ती घोंगडी ब्रशानें सोडविली, वाळून चुन्याच्या खपलीसारखा झालेला लेप पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप लावला आणि यंत्र चालू केलें. वारा आतां मोकळा वाहूं लागला. परंतु घरघर राहिलीच.

"म्हणजे दोष पंख्याचाच होता तर," मी म्हणालों. माझ्या स्वरांत थोडा विजय होता, हें मी कबूल करतों.

"आतां पंख्याचा आहे, सर," तो म्हणाला. "आधीं धुळीचा होता. पांच वर्षें बिचारा दुप्पट वेगानें फिरला, तापल्या हवेंत फिरला. आंतलं तेल वाळून गेलं. शिलाई-यंत्राच्या तेलाचा थेंब सोडला तर महिनाभर गप्प बसेल. पण नवाच घाला."

त्याच्या 'आतां' आणि 'आधीं' या दोन शब्दांनीं मला एकदम एका जुन्या खोलींत नेऊन उभें केलें.

कोंकणपट्टींतील एका महाविद्यालयांत मी तरुणपणीं कांहीं वर्षें होतों. तेथील ग्रंथपाल स्वभावाचे अतिशय तिखट म्हणून प्रसिद्ध होते. विद्यार्थ्यांवर खेकसत, प्राध्यापकांनाहि सोडीत नसत. अखेर त्यांच्या वर्तणुकीसंबंधानें तीन जणांची समिती नेमण्यांत आली. तिच्यांत मी सर्वांत धाकटा. आमच्यापुढें त्यांनीं सात वर्षांत लिहिलेलीं टिपणें ठेवण्यांत आलीं. ग्रंथालयाची उत्तरेकडील भिंत पावसाळ्यांत ओलावते, पन्हळ फुटली आहे, कपाटें भिंतीपासून दूर घेण्यास जागा द्यावी, हा सर्वांचा विषय. पहिलें टिपण दोन पानी, विनयपूर्ण, मोजमापासह लिहिलेलें. शेवटचें अडीच ओळींचें आणि उद्धट. मीं तीं क्रमानें वाचलीं, आणि भाषा कशी बिघडत गेली हें दाखविण्यासाठीं दोन्हींतील उतारे अहवालांत घातले. माझ्या त्या मांडणीचें वडील सभासदांनीं कौतुकहि केलें. ग्रंथपालांना परीक्षा-विभागांत हलविण्यांत आलें. ती भिंत समितीच्या खोलीपासून तीस पावलांवर होती. आमच्यापैकीं कोणीहि ती पाहण्यास गेला नाहीं.

दोन वर्षांनीं कपाटें हलवावीं लागलीं तेव्हां मागल्या रांगेंतील जुन्या मासिकांचे बांधीव खंड वाळवीनें पोखरलेले निघाले. पुठ्ठे शाबूत आणि आंत माती.

मी वर्गांत दरवर्षीं शिकवितों कीं, बोलणाऱ्याच्या स्वभावावरून त्याचें विधान खोटें ठरत नाहीं. तो तर्कदोष होय. म्हणून त्याचा स्वभाव बाजूस ठेवावा आणि विधान तेवढें तपासावें. हा नियम मीं मोडला, हें तर उघडच आहे. परंतु आतां मला या नियमाविषयींच शंका येऊं लागली आहे. स्वभाव बाजूस कां ठेवावा? तो जर सात वर्षांत बिघडत आला असेल, तर तो बिघाडच त्या भिंतीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा नव्हता काय? माझ्या हातीं मोजपट्टी होती, आणि मीं तिनें ओलीचें माप घेण्याऐवजीं ओलींत उभ्या असलेल्या माणसाचें वांकडेपण मोजलें.

यावर कोणी म्हणेल कीं, जगांत निष्कारण कुरकुरणारेहि थोडे नाहींत. त्यांना स्वर्गांत नेऊन बसविलें तरी तेथील अमृत आंबट लागेल. खरें आहे. कारखान्यांतून निघतांनाच घरघरणारे पंखेहि असतात. पण ते पहिल्या दिवसापासून, थंड असतांनाहि घरघरतात, आणि हें ओळखण्यास 'केव्हांपासून?' एवढा एक प्रश्न पुरतो. आमच्या समितीच्या बैठका तीन झाल्या. तींत हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. त्याहून अवघड गोष्ट दुसरी आहे. धूळ काढली म्हणून झिजलेलें बेअरिंग भरून येत नाहीं. पंखा मीं दुकानांतून नवा आणला. माणसाच्या बाबतींत काय आणावें?

ग्रंथपाल हयात आहेत आणि मुलाकडे राहतात, असें चौकशी करतां समजलें. मीं त्यांना पत्र लिहिलें. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यांत माझ्या त्या वेळच्या वयाचें आणि अननुभवाचें वर्णन फार होतें, तो फाडला. दुसरें अर्ध्या पानाचें धाडलें. नवा पंखा इतका निःशब्द आहे कीं, यंत्र चालू आहे ना, हें पाहण्यासाठीं मी वांकून त्याच्यावर हात धरतों. तसाच एके दुपारीं वांकलों असतां टपाल आलें. उत्तर तीन ओळींचें होतें. प्रकृति ठीक आहे, डोळ्यांनीं नीट दिसत नाहीं, आणि त्या उत्तरेकडील भिंतीचें पुढें काय झालें, दुरुस्त केली कीं नाहीं, तेवढें कळवावें.

मला तें ठाऊक नव्हतें. दिवाळीच्या सुटींत जाऊन पाहून येणार आहे.