मापातलं पाप आणि लेन्सवरचा आकडा

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत फोटोग्राफर आला की आधी पाठीवर आडवा होतो. छतातून खाली झुकलेलं ते काळ्या दगडाचं कमळ, पाकळ्यांवरच्या तीर्थंकरांसह, उभ्याने फ्रेममध्ये मावत नाही. १२०४ साली, रट्टांच्या राजवटीत बांधलेलं छत वर आणि खाली २४ मिलिमीटरची लेन्स. आकडा योगायोगाने तीर्थंकरांचाच. पण लेन्स खरोखर २४ची असते का?

बहुधा नसते, थोडी इकडे, थोडी तिकडे. लेन्सवरचे छिद्राचे आकडेही तसेच: १.४ म्हणजे मुळात दोनचं वर्गमूळ, १.४१४. ५.६ हे खरं ५.६६ आणि ११ म्हणजे ११.३. लाइकाच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची जुळणी तर ५१.६ मिलिमीटर धरूनच केलेली असे, आणि लेन्सवर ठसठशीत ५०! मात्र त्यांच्या पुष्कळ लेन्सवर, फोकसच्या पट्टीवर अनंताच्या खुणेजवळ, '१६' असा बारीक आकडा कोरलेला सापडतो. म्हणजे ५० आणि १.६ मिळून ५१.६. '१९' असेल तर ५१.९.

मग ते ठसठशीत ५० खोटं म्हणायचं का?

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या जैन घरांत वाचल्या जाणाऱ्या उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात याला जवळचा प्रश्न आहे. सातव्या अध्यायात 'हीनाधिकमानोन्मान' हा दोष येतो. मान म्हणजे धान्याचं माप, उन्मान म्हणजे तराजूचं वजन. पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी ही टीका तो उलगडते: देताना लहान माप, घेताना मोठं. गंमत अशी, की हा दोष सत्यव्रताखाली नाही. तो अचौर्याच्या अतिचारांत, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताला लागणाऱ्या दोषांत आहे. आकडा वास्तवाशी जुळतो की नाही, यापेक्षा फरक कोणाच्या पदरात पडतो, हे तिथे महत्त्वाचं. आठवड्याच्या बाजारात शेर सपाट भरला की शीग लावून, यावरून तंटे होत ते काही गणितासाठी नव्हते.

या कसोटीवर लाइकाचं ५० सुटतं. गिऱ्हाइकाला कमी काही मिळत नाही, आणि खरा आकडा लेन्सवरच असतो. झूमचं मात्र तसं नाही. पुष्कळ झूम लेन्सचं लांबचं टोक लिहिल्यापेक्षा थोडं आखूड भरतं आणि रुंद टोक थोडं अरुंद. दोन्हीकडची चूक विकणाऱ्याच्या बाजूला झुकते, तेव्हा तिला नुसती गोळाबेरीज म्हणणं जड जातं.

काही फरकांत कोणाचाच दोष नसतो. एफ-आकडा छिद्राचं प्रमाण सांगतो. काचेत थोडा प्रकाश हरवतो, त्याचा हिशेब तो ठेवत नाही. सिनेमावाल्यांना शॉटला शॉट जुळवायचा असतो, म्हणून ते हा हरवलेला प्रकाश हिशेबात धरणारा टी-आकडा वापरतात. २०० मिलिमीटरची झूम जवळच्या वस्तूवर फोकस केली की पुष्कळदा आखडते. २००चा आकडा अनंतावरच्या फोकसपुरता असतो. जैन तर्कशास्त्र अशा विधानाच्या आधी 'स्यात्', म्हणजे 'एका अपेक्षेने', असं लावेल.

त्याच तर्कशास्त्रातल्या नैगम नयाचा, म्हणजे संकल्पावरून बोलण्याच्या दृष्टीचा, जुना दाखला तर मापाचाच आहे. कुऱ्हाड घेऊन रानात निघालेल्याला विचारलं, कुठे निघालास? तो म्हणतो, प्रस्थ आणायला. प्रस्थ म्हणजे धान्य मोजायचं लाकडी माप. अजून तर झाडसुद्धा तुटलेलं नाही. तरी शास्त्र हे बोलणं ग्राह्य धरतं, कारण ते संकल्पाचं बोलणं आहे. लेन्सवरचं ५० असंच, घडवायला निघालेल्या मापाचं नाव. अर्थात ही सवलत कारागिराला शोभते. गल्ल्यावर बसलेल्याने ती मागू नये.

निपाणीजवळचं भोज हे दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरचं गाव. १८७२ साली जन्मलेले जैन आचार्य शांतिसागर तिथलेच, पूर्वाश्रमीचे सातगौडा पाटील. त्यांच्या घरच्या कापडाच्या दुकानाची आठवण सांगतात: भाऊ दुकानात नसला की सातगौडा गिऱ्हाइकाला म्हणत, कापड तुमचं तुम्हीच मोजा, वहीतही तुम्हीच लिहा.

लेन्सच्या गिऱ्हाइकालाही हे जमतं. अंधाऱ्या रात्री, फोकस अनंतावर ठेवून, दोन ओळखीचे तारे फ्रेमच्या मधल्या भागात घ्यायचे, त्यांतला एक अगदी मध्यावर. त्यांच्यातलं कोनीय अंतर तारांगणाच्या ॲपवर मिळतं. सेन्सरवरचं अंतर पिक्सेल मोजून काढायचं आणि त्याला त्या कोनाच्या टॅन्जंटने भागायचं. येणाऱ्या उत्तरावर कंपनीचं नाव नसतं. पन्नासच्या लेन्सला कधी ४८.९ येतं, कधी ५१.७.