अधःपतन कोणी ठरवायचे?

१८०९ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे बदनामीचा एक दावा आला. एका बाईला भर लोकांत वेश्या म्हटले गेले होते. न्यायालयाचे म्हणणे असे पडले की, आरोप 'मॉरल टर्पिट्यूड' म्हणजे नैतिक अधःपतन असलेल्या फौजदारी गुन्ह्याचा असेल तर नुसत्या शब्दांवर दावा चालतो. हा तसा नाही. त्या काळी ज्या आरोपाने बाईचे आयुष्य उद्ध्वस्त होई, तोच या मापात बसला नाही. माप कोणाच्या हाती होते, ते यातून कळते.

पुढे १८९१ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याने हेच शब्द उचलले. अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला देशात घ्यायचे नाही, असे ठरले; पण असा गुन्हा म्हणजे कोणता, हे तिथल्या काँग्रेसने आजवर सांगितलेले नाही. १९५१ मध्ये मद्यावरील कर बुडवण्याच्या कटात दोनदा शिक्षा झालेल्या एका सिसिलीच्या माणसाला हद्दपार करण्याचा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी निकालपत्रात या शब्दांच्या संदिग्धतेवरच बोट ठेवले. मला त्यांचेच पटते. ज्याची व्याख्या नाही, त्याच्यापासून माणसाने स्वतःला जपायचे तरी कसे?

आपल्या कायद्यांत हे शब्द 'नैतिक अधःपतन' होऊन आले. १९६१ च्या वकील कायद्यानुसार अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला काही काळ सनद मिळत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने अशा गुन्ह्यापायी काढून टाकलेल्या नोकराची ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा अंशतः जप्त करण्याची मुभा मालकाला दिली. व्याख्या दंडसंहितेतही नव्हती, नव्या न्यायसंहितेतही नाही.

हरयाणात पाटबंधारे खात्यातल्या एका लहान कर्मचाऱ्याला अश्लील वर्तनाच्या २९४ कलमाखाली २० रुपये दंड झाला होता. तो नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरून तेवढ्यावर त्याची नोकरी गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली आणि किरकोळ दंडापायी कोणाची सरकारी नोकरी जाऊ नये, अशी तरतूद संसदेने करावी, असेही सुचवले. वीस रुपयांच्या दंडासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागणे, हीच खरी शिक्षा.

२०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सांगितले की, ग्रॅच्युइटी जप्त करायला फौजदारी शिक्षा झालेलीच असली पाहिजे असे नाही. त्या प्रकरणांत प्रवाशांच्या भाड्याचे पैसे खाल्ल्याचा ठपका असलेले एसटीचे कंडक्टरही होते. त्यांची जप्ती न्यायालयाने २५ टक्क्यांवर आणली, हे बरे झाले. तरीही अधःपतन झाले की नाही हे आधी मालकच ठरवणार, आणि पैसेही त्यालाच द्यायचे असतात.

अफरातफर, लाच, खोटे दाखले, लैंगिक अत्याचार असे गुन्हे कायद्यात नावानिशी लिहिता येतात. संसदेने ते लिहावेत आणि हा मोघम शब्द कायद्यांतून काढून टाकावा.