लाटसाहेबांची उतरंड

शाळेच्या इतिहासात कॉर्नवॉलिस, डलहौसी, माउंटबॅटन सरसकट ‘लॉर्ड’ होते. आपण त्या शब्दाचा ‘लाट’ केला आणि रुबाब मारणाऱ्या कुणालाही ‘लाटसाहेब’ म्हणू लागलो. पण कॉर्नवॉलिस आणि डलहौसी भारतात आले ते अर्ल म्हणून आणि इथेच मार्क्वेस झाले. माउंटबॅटन व्हायकाउंट म्हणून आला आणि अर्ल झाला. हिंदुस्थान म्हणजे बढतीचं ठिकाणच होतं म्हणायचं.

ब्रिटिश सरदारी किताबांच्या पायऱ्या पाच : खालून बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक. ही उतरंड कुणी एका बैठकीत रचलेली नाही. सगळ्यांत जुना अर्ल. १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्याही आधी तो राजाच्या वतीनं मुलूख सांभाळत असे. पुढे जिल्ह्याच्या न्यायसभेतल्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा त्याचा हक्क ठरला. नॉर्मनांच्या भाषेत या दर्जाला ‘काउंट’ म्हणत. इंग्रजांनी नवरा अर्लच ठेवला, बायको मात्र काउंटेस झाली. तो विजोड संसार अजून चालू आहे. बॅरन म्हणजे मुळात थेट राजाकडून जमीन धरणारा.

१३३७ मध्ये तिसऱ्या एडवर्डनं थोरल्या मुलाला कॉर्नवॉलचा ड्यूक केलं आणि अर्ल जागच्या जागी एक पायरी खाली आला. १३८५ मध्ये दोघांच्या मध्ये मार्क्वेस घुसला. अर्थ सरहद्दीचा रक्षक, पण सरहद्द सांभाळायची सक्ती नाही. १४०२ मध्ये जॉन बोफर्ट या सरदाराला त्याचा काढून घेतलेला हा किताब परत देऊ केला, तर हे नाव आपल्या देशात परकं आहे म्हणून त्यानं तो नाकारला. १४४० चा व्हायकाउंट तर आणखी मजेशीर. लॅटिन दप्तरात हे नाव जिल्ह्याच्या शेरीफचं. शेरीफ आपली कामं करत राहिला. त्याचं नाव घेऊन दुसराच कुणी बॅरनच्या वर जाऊन बसला. मला तरी या सगळ्यात कामाचा मान नावाकडे सरकत गेलेला दिसतो.

हिंदुस्थानातली बढती मात्र सगळ्यांच्याच वाट्याला आली नाही. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांची फौज हरवणाऱ्या आर्थर वेलस्लीला त्याबद्दल फक्त ‘सर’ मिळालं. युरोपात नेपोलियनच्या फौजांशी लढल्यावर मात्र १८०९ ते १८१४ या पाच वर्षांत तो बॅरनपासून वेलिंग्टनचा ड्यूक होईपर्यंत अख्खी शिडी चढला. पुढे १९५८ मध्ये हयातीपुरते, वारसाला न जाणारे किताब देण्याचा कायदा आला. ते सगळे बॅरनच, शिडीच्या खालच्या पायरीवरचे.

आणि लॉर्डची सगळी मुलं लॉर्ड नसतात. किताब एकाच वारसाला. बाकीची भावंडं कायद्यानं सामान्य प्रजा. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश लॉर्डचा चौथा मुलगा, म्हणून नुसता ‘ऑनरेबल’. १८५३ मध्ये त्याच खुर्चीत आलेला त्याचा पुतण्या खरा लॉर्ड. मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज बिनकिताबाच्या काकाच्या नावाचं, ते अजून आहे. एल्फिन्स्टन रोड स्टेशन पुतण्याच्या नावाचं होतं. २०१८ पासून तिथे प्रभादेवीची पाटी आहे.